घरच्या पॅचला पाठ कोणती लावायची?

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकाच्या चाळीस पॅचचं काम घेतलं होतं. पांढऱ्या कुर्त्यावर छातीशी लावायचा भरतकामाचा गोल पॅच, साडेसात सेंटिमीटरचा. मध्ये ढोल, भोवती पथकाचं नाव. दिसायला झकास झाले. पाठीला इस्त्रीने चिकटणारी फिल्म लावून दिले आणि पोरांनी आपापल्या घरी कुर्त्यांवर चिकटवले. नदीपात्रातला सराव सुरू होऊन चौथा दिवस, आणि मला फोटो यायला लागले. पॅच एका कडेने सुटून लोंबतोय.

गोंदाला शिव्या द्यायला मी तयारच होते. पण एक कुर्ता मागवून बघितला, तर गोंद कापडाला घट्ट बसलेला. त्या गोंदावर कागदाचा एक पातळ पापुद्रा होता आणि त्याच कागदाचा दुसरा पापुद्रा पॅचच्या पाठीला. गोंद सुटला नव्हताच, मधला कागद सोलला गेला होता. घामाने भिजला, वाळला, परत भिजला आणि पापडासारखा उलगडला. भरतकाम करताना मी खाली टेअर-अवे, म्हणजे फाडून काढायचा कागदी आधार, लावला होता, कारण तो फाडायला सोपा आणि घरात रीळभर पडलेला.

चाळीसच्या चाळीस पॅच मग हाताने काजटाके घालून शिवून दिले. तेव्हापासून बॅकिंग निवडताना मी पहिला प्रश्न उलटा विचारते. काम संपल्यावर या पॅचच्या पोटात काय उरायला हवंय? सुईखाली कापड धरायला काय लावायचं, हे त्यानंतर आपोआप ठरतं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच क्रमाने आहे.

एका नावाच्या दोन वस्तू

नवीन माणसाची पहिली गफलत इथे होते. ‘बॅकिंग’ म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे स्टॅबिलायझर. हा भरत चालू असताना कापडाखाली रिंगमध्ये, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या चौकटीत, बसतो आणि कापडाला आकसू देत नाही. दुसरी वस्तू पॅच पूर्ण झाल्यावर मागे लावायची: इस्त्रीची चिकट फिल्म, वेलक्रो किंवा नुसतं फेल्ट.

दुसरी वस्तू पहिलीच्या जागी लावली की काय होतं ते मी एका मैत्रिणीकडे बघितलंय. तिने चिकट फिल्मच कापडाखाली रिंगमध्ये घातली. म्हटलं असेल एका दगडात दोन पक्षी. सुई गोंदाने माखली, दर मिनिटाला दोरा तुटायला लागला, आणि एवढं करून जो पॅच निघाला त्याच्या फिल्मची पार चाळणी झाली होती. चिकटायला तिच्यात गोंद उरलाच नव्हता.

तेव्हा चिकट फिल्म सगळ्यात शेवटी. आधी स्टॅबिलायझरचं बघू.

कापड आकसतं म्हणजे नेमकं काय होतं

प्रत्येक टाका आपली दोन टोकं एकमेकांकडे ओढतो. एका टाक्याने काही फरक पडत नाही. पण भरीव नक्षीत काही हजार टाके एकाच दिशेने पडतात आणि तेवढे हजार हात कापडाला एकाच बाजूने आत खेचतात. टाके ज्या दिशेने पडलेत त्या दिशेला नक्षी आखूड होते. त्याच वेळी दोरे शेजारी-शेजारी दाटीने बसल्यामुळे आडव्या दिशेला ती थोडी फुगते. परिणाम असा की गोल काढायला जावं आणि अंडं निघावं.

हे एकदा मुद्दाम करून बघा. ७५ मिलिमीटरचा भरीव गोल शर्टाच्या साध्या सुती कापडावर बॅकिंगशिवाय काढा आणि स्टीलची पट्टी लावा. माझा एका बाजूने ७२ भरला, दुसऱ्या बाजूने ७६, आणि भोवती कापडाला कमळाच्या पाकळ्यांसारख्या चुण्या. पॅचच्या बाबतीत हा घोळ जास्त महाग पडतो. कारण कडेचा जाड सॅटिन टाका, म्हणजे शेजारी-शेजारी दाट पडणाऱ्या टाक्यांची पट्टी, सगळ्यात शेवटी येतो. एम्ब्रॉयडरी मशीन तो मूळ गोलावर टाकते, पण आतली नक्षी तोवर सरकलेली असते. मग नक्षी आणि कड यांच्यामध्ये एका बाजूला कापडाची पांढरी फट दिसते, आणि दुसऱ्या बाजूला कड नक्षीवर चढते. बाजारातला पॅच आणि घरचा पॅच लांबून ओळखू येतो तो या फटीमुळे.

प्रकार, आणि माझं मत

*कट-अवे.* पॉलिस्टरच्या तंतूंचं न विणलेलं कापड. हाताने फाटत नाही, कात्रीनेच कापावं लागतं, आणि पॅचच्या पोटात कायमचं राहतं. धुतलं तरी जात नाही. पॅचसाठी मी दहातल्या आठ वेळा हेच वापरते. जाडी वजनावरून, जीएसएममध्ये म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम अशी सांगतात. परदेशी पाकिटावर दर चौरस यार्डाचे औंस लिहिलेले असतात. १.५ औंस म्हणजे साधारण ५० जीएसएम आणि २.५ औंस म्हणजे साधारण ८५. टी-शर्टवर थेट भरत करायचं असेल तर ५० चालतं. पॅचला ८० ते ९० घ्या. पॅच मुळात वेगळा तुकडा असतो. त्याला अंगातच थोडा ताठपणा हवा, नाहीतर तो कापडावर चिकटल्यावर पुरळ आल्यासारखा दिसतो.

पातळच हातात असेल तर दोन थर घ्या, पण दुसरा थर काटकोनात फिरवून. न विणलेल्या कापडालाही एक दिशा असते. दोन्ही हातांनी ओढून बघा, एका बाजूला ते जास्त ताणलं जातं. दोन थर एकाच दिशेने लावले तर दोघांचा कमकुवतपणा एकाच बाजूला येतो.

*टेअर-अवे.* कागदाच्या जातीचा. काम झालं की टरकन फाडायचा. जाड फेल्टवर किंवा डेनिमवर हलकी अक्षरं काढायची असतील तर उत्तम. भरीव पॅचला नको. कडेचा सॅटिन टाका एकाच रेषेवर इतकी भोकं पाडतो की कागद पोस्टाच्या तिकिटासारखा त्या रेषेवर सुटतो, आणि तोही काम संपायच्या आधी. म्हणजे ज्या क्षणी आधार सगळ्यात जास्त हवा, नेमका तेव्हाच तो हात सोडतो. शिवाय टाक्यांखाली अडकलेला कागद फाडून निघत नाही, तो राहतोच. त्याचं पुढे काय होतं ते नदीपात्रात बघून झालंय.

*वॉश-अवे.* पाण्यात विरघळणारा. हा पीव्हीए नावाच्या प्लास्टिकचा असतो, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंड-जर्मनीकडे रेशमी कापडावर मशीनने भरत करून खालचं कापड रसायनाने विरघळवून टाकत आणि नुसती जाळी उरवत. त्या लेसला अजूनही केमिकल लेस म्हणतात. आपल्याकडे रसायनाच्या जागी नळाचं पाणी आलं, एवढंच.

यात दोन रूपं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एक पारदर्शक फिल्म, प्लास्टिकच्या पिशवीसारखी दिसणारी. पातळ फिल्म साधारण २० मायक्रॉनची असते आणि ती कापडाच्या वर ठेवण्यासाठी आहे. फेल्ट, टॉवेल, लोकर अशा केसाळ कापडात टाके बुडू नयेत म्हणून. दुसरं रूप तंतूंचं, पांढऱ्या मलमलीसारखं. पॅचची कड कापडाच्या बाहेर लोंबत शिवायची असते, तिथे हे तंतूंचं रूप लागतं. पातळ फिल्म तिथे वापरली की सुईच्या भोकांनी ती फाटते आणि पॅच रिंगमधून खाली पडतो. ८० मायक्रॉनच्या आसपासची जाड फिल्मही मिळते, ती कडेला चालते. पण नवशिक्या हाताला तंतूंचं रूप जास्त सांभाळून घेतं, कारण ते रिंगमध्ये घसरत नाही.

*हीट-अवे* इस्त्रीच्या उष्णतेने जातो. पॅचसाठी त्याची गरज मला अजून तरी पडलेली नाही.

आणि आता *बुकरम*. पेठेत ‘पॅचला कडक काहीतरी द्या’ म्हटलं की नव्वद टक्के वेळा बुकरम पुढे येतो. हे खळ देऊन ताठ केलेलं सुती कापड. हातात पॅच असा काही कडक लागतो की गिऱ्हाईक खूश. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि पॅच रुमालासारखा मऊ पडतो. टोपीच्या पॅचसाठी, जी टोपी कोणी धूत नाही, तिथे घाला. कुर्त्याला, शाळेच्या गणवेशाला नको.

शिंप्याकडचा कॉलरचा पेस्टिंग कॅनव्हास मात्र मला आवडतो. स्टॅबिलायझर म्हणून तो एकटा पुरत नाही. पण पॅचच्या कापडाला मागून इस्त्रीने तो आधी चिकटवून घेतला आणि खाली ५० जीएसएमचा एक कट-अवे दिला, की कापड पुठ्ठ्यासारखं शहाण्यासारखं बसतं. कापड आधी धुऊन घ्या. न धुतलेलं कापड नंतर आटलं की कॅनव्हास आणि कापड यांच्यात फोड येतात.

दुकानात चार चाचण्या

तुळशीबागेच्या बोळांत आणि रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला, शिवणाचं आणि भरतकामाचं सामान मिळतं. गाडी नेऊ नका, मंडई मेट्रो स्टेशनला उतरून चालत जा. अडचण अशी की वर सांगितलेली नावं तिथे काउंटरवर कोणी वापरत नाही. मी पहिल्यांदा ‘कट-अवे आहे का’ विचारलं तेव्हा समोरून उत्तर आलं, “ताई, पेपर हवाय ना? जाड की पातळ?” मी म्हटलं, “काका, फाटणारा नको. कात्रीने कापावा लागेल असा द्या.” तेव्हा कुठे वरच्या फळीवरचं रीळ खाली आलं. म्हणून नावावर विसंबू नका. बोटभर तुकडा मागून घ्या आणि तिथेच तपासा.

आधी ओढा. उभा, आडवा, आणि उरेब म्हणजे तिरका. पॅचसाठी हवा तो तुकडा तिन्ही बाजूंना जवळपास हलत नाही. एका बाजूला रबरासारखा ताणला गेला तर तो टी-शर्टसाठीचा आहे.

मग फाडा. सरळ रेषेत सहज फाटला तर टेअर-अवे. तंतू लांबत गेले, पांढरी दाढी निघाली पण फाटला नाही, तर कट-अवे.

मग ओलं बोट. बोट जिभेला लावून तुकड्यावर दहा सेकंद दाबा. बोट चिकटलं, बुळबुळीत झालं तर वॉश-अवे. बुकरम ओळखायलाही हीच चाचणी, कारण ओली जागा लगेच लुळी पडते. दुकानदार बघत असेल तर बाटलीतलं पाणी वापरा, पण करा.

शेवटी उजेड. तुकडा दाराकडे धरून आरपार बघा. चांगल्या मालात तंतू सारखे पसरलेले दिसतात. ढग आल्यासारखे दाट-विरळ पट्टे दिसले तर विरळ जागी सुई कापडाला खेचणार हे नक्की. याच वेळी दोन्ही बाजूंवरून बोट फिरवा. एका बाजूला बारीक खरखरीत ठिपके किंवा चकाकी असेल तर तो इस्त्रीने चिकटणारा आहे. त्याचा वाईटपणा काही नाही, पण आपण काय घेतोय ते कळलेलं बरं.

पहिल्या खेपेला कट-अवे ८५ चा एक मीटर आणि तंतूंचा वॉश-अवे अर्धा मीटर एवढंच घ्या. वॉश-अवे महाग असतो आणि साठवायला नाजूक, त्याबद्दल पुढे.

एक पॅच, सुरुवातीपासून

साडेसात सेंटिमीटरचा गोल धरून चालू. कापड पॉलिस्टर-कॉटन ट्विल. ट्विल म्हणजे तिरक्या रेघांच्या विणीचं, गणवेशाच्या पँटला असतं तसं. घट्ट असतं आणि दशा कमी निघतात. सुई ७५/११ नंबरची, वरचा दोरा ४० नंबरचा, बॉबिनला ६० नंबरचा पातळ.

ट्विल आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा. कंटाळा येतो, माहीत आहे.

कट-अवेचा तुकडा रिंगपेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर मोठा कापा. सुरुवातीला सगळे काटकसर करून नक्षीएवढाच तुकडा खाली सरकवतात. रिंगने न पकडलेला तुकडा कापडाबरोबर आत ओढला जातो, म्हणजे तो असून नसल्यासारखा. तुकडे वाचवायचे तर एका रिंगमध्ये दोन पॅच बसवा.

आता रिंग भरणं. सगळ्यांना सांगतात की ढोलासारखं ताठ हवं. अर्धं खरं आहे. स्क्रू सैल ठेवून कापड आणि बॅकिंग एकत्र बसवा, हळूहळू घट्ट करा, आणि टिचकी मारल्यावर टप् असा आवाज यायला हवा. पण स्क्रू घट्ट झाल्यावर कडेचं कापड धरून ओढू नका. ताणलेलं कापड रिंगमधून सुटल्यावर आपल्या जागी परत जातं, टाके मात्र जात नाहीत, आणि सपाट निघालेला पॅच दोन मिनिटांत वाटीसारखा होतो. ट्विलच्या रेघा रिंगमध्ये वाकड्या दिसत असतील तर समजा की तुम्ही ओढलंय. काढा, पुन्हा बसवा.

नक्षी मधून बाहेरच्या दिशेने शिवली जाते ना ते बघा. बाहेरून आत आलेली नक्षी मधल्या कापडाचा फुगा करते. मशीनच्या पडद्यावर टाक्यांचा आकडा येतो. माझा ढोबळ हिशोब असा की दहा हजारांपर्यंत ८५ चा एक थर, त्यापुढे दोन.

नक्षी झाली, पण कड अजून शिवायची नाही. रिंग सोडा आणि पॅच गोल कापून काढा. ट्विल आणि कट-अवे एकत्रच, बाहेरच्या रेषेच्या एक मिलिमीटर बाहेरून. इथे चांगली कात्री वापरा, आणि कात्री स्थिर ठेवून पॅच फिरवा.

आता तीच रिंग वॉश-अवेने भरा, तंतूंचे दोन थर. कापड नाही, नुसता वॉश-अवे. मशीनने त्यावर आधी गोलाची एक साधी रेघ मारायची, म्हणजे धावदोरा. त्या रेघेवर कापलेला पॅच अचूक बसवा आणि दोन-तीन जागी टेपने धरा. टेप सुईच्या वाटेत येऊ देऊ नका. मशीन त्याला विरळ टाक्याने पकडेल, मग झिगझॅग, आणि शेवटी सॅटिनची कड, साडेतीन ते चार मिलिमीटर रुंद. ही कड अर्धी पॅचवर आणि अर्धी हवेत, म्हणजे वॉश-अवेवर पडते. दोरा कापडाच्या कडेला गुंडाळला जातो आणि दशा आत कोंडल्या जातात. बाजारच्या पॅचसारखी गोलसर कड येते ती इथे.

एम्ब्रॉयडरी मशीन नसेल तर साध्या शिलाई मशीनचा झिगझॅग चालतो. टाक्याची लांबी ०.४ च्या आसपास, रुंदी चार, खाली वॉश-अवेचा तुकडा. गोलावर हात सावकाश वळवा आणि थांबताना सुई बाहेरच्या बाजूला खाली रुतलेली ठेवा.

जादा वॉश-अवे कडेपासून दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा आणि पॅच कोमट पाण्यात घाला. इथे एक युक्ती सगळे सांगतात: पूर्ण धुऊ नका, थोडा पीव्हीए कडेत राहू द्या, वाळल्यावर कड खळ दिल्यासारखी ताठ होते. खरं आहे. भिंतीवर लावायचा किंवा फ्रेम करायचा पॅच असेल तर मीही तसंच करते. अंगावर घालायच्या कपड्यावर नको. घाम आला की तो पीव्हीए परत चिकट होतो, त्यावर धूळ बसते आणि पांढऱ्या कुर्त्यावर पॅचभोवती मळकट चंद्रकोर उमटते. कपड्यासाठी पाणी दोनदा बदला आणि बोटांना बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत धुवा.

वाळवताना दोरीवर टांगायचं नाही. टॉवेलवर उलटा ठेवा, वर दुसरा टॉवेल, त्यावर पोळपाट. रात्रभर. सकाळी मागून इस्त्री.

आता पाठ

पॅच पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पाठीला काहीही लावू नका. ओलावा आत राहिला तर चिकट फिल्म बुडबुडे धरते.

सुती कुर्ता, डेनिम, कापडी पिशवी यांना इस्त्रीची फिल्म चालते. फिल्म पॅचपेक्षा मिलिमीटरभर लहान कापा, नाहीतर गोंद कडेबाहेर येऊन इस्त्रीला लागतो. इस्त्रीवरचे ठिपके बघा. एक ठिपका म्हणजे ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. बहुतेक फिल्मना दोन ठिपक्यांचं तापमान पुरतं. वर सुती रुमाल ठेवा, इस्त्री फिरवू नका, नुसती दाबून धरा, पंधरा-वीस सेकंद. मग कुर्ता उलटा करून आतून तेवढंच. आणि थंड होईपर्यंत कड उचलून बघायचा मोह आवरा, गरम गोंद म्हणजे नुसता पाक असतो. माझं स्पष्ट मत असं की अंगावरच्या कपड्याला फिल्म लावली तरी चार बाजूंना चार टाके घालाच. फिल्म पॅच सपाट ठेवते, टाके त्याला धरून ठेवतात.

ट्रेकिंगच्या सॅकचं वेगळं. सॅकचं कापड नायलॉनचं किंवा पॉलिस्टरचं, आतून कोटिंग केलेलं. इस्त्री लागली की आकसतं, वितळतंसुद्धा. राजगड-तोरण्याच्या ग्रुपचे पॅच मी वेलक्रोवर करते. काटेरी बाजू पॅचला, मऊ बाजू सॅकला. उलटं केलं तर पॅच काढल्यावर सॅकवरचे काटे शेजारच्याच्या स्वेटरला धरतात. वेलक्रो स्वतःच जाड असतो, म्हणून अशा पॅचला कट-अवेचा एकच थर पुरे. नाहीतर बिस्किट तयार होतं आणि सॅकच्या गोलाईवर बसत नाही.

लहान मुलांच्या कपड्यावर ५० चा मऊ कट-अवे घ्या. पॅचची पाठ ताठ असेल तर मूल दिवसभर तिथेच खाजवतं.

हाताने भरत करणाऱ्यांना यातलं निम्मं लागत नाही. अँकरच्या लडीतले सहापैकी दोन-तीन पदर घेऊन फेल्टवर काम करत असाल तर फेल्ट स्वतःच स्टॅबिलायझर आहे. पाठीला दुसरं फेल्ट लावून कडेने काजटाका घातला की झालं. पातळ सुती कापडावर मात्र खाली ५० चा कट-अवे टाचून घ्या, मागचे दोरे एका नक्षीतून दुसऱ्या नक्षीत नेताना पुढून दिसत नाहीत. ॲक्रिलिक फेल्टला गरम इस्त्री दाखवू नका आणि लोकरीच्या फेल्टला गरम पाणी.

पुण्याची हवा

वॉश-अवे पाण्यात विरघळतो म्हणजे हवेतल्या पाण्यातही तो थोडाथोडा जीव सोडतो. जुलैमध्ये उघडं राहिलेलं रीळ ऑगस्टमध्ये लिबलिबीत होतं, थर एकमेकांना चिकटतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात फिल्म उलट कडक होऊन सुईखाली तडकते. झिपच्या पिशवीत, हवा काढून, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. तडकणारी फिल्म रात्रभर न्हाणीघराच्या दारामागे टांगली तर सकाळी परत मऊ होते. नेमकी पथकांची कामं पावसाळ्यात येतात, त्यामुळे मी वॉश-अवे कापते तो रिंग भरायच्या आधी पाच मिनिटं, आणि हात पुसून.

वॉश-अवेची कात्रणं फेकू नका. बाटलीत थोड्या पाण्यात विरघळवली की खळीसारखं पाणी तयार होतं. पातळ कापड रिंगमध्ये घसरत असेल तर ते ब्रशने लावून वाळवा, कापड गप्प बसतं. पॅच झाल्यावर धुऊन टाका.

आणि मोठी ऑर्डर असेल तर सगळे एकदम करू नका. एक पॅच पूर्ण करा, घरातल्या जुन्या कुर्त्यावर लावा, तीनदा मशीनमध्ये धुवा, दोनदा तो घालून टेकडी चढून या, पर्वती असो की हनुमान टेकडी, घाम आला पाहिजे. मग कड नखाने उचलून बघा. उचलली गेली नाही तर उरलेले एकोणचाळीस करायला घ्या.